रुपाली, वजा बरंच काही

“हाडं सगळी जागच्या जागी आहेत, मॅडम,” उत्तरेश्वर सर म्हणाले. “पण हिची बस चुकणार.”

प्रेमला जगताप यांनी चष्मा सारखा करून आपल्या कागदाकडे पुन्हा पाहिलं. कागदावर एक बाई बस पकडायला पळत होती. एक पाय पुढे, एक मागे, कोपरं दुमडलेली, पोटरीचा स्नायू जिथे आखडायला हवा तिथेच आखडलेला. एकतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेल्या बाईंच्या चित्रात स्नायू चुकेल कसा? त्यांनी फळ्यावर काढलेला बेडूक पाहून कितीतरी वर्षांच्या मुलांनी आपापले बेडूक सुधारले होते.

“का चुकेल?” त्यांनी विचारलं.

“ती पळत नाहीये. फोटोवाल्याने ‘पळताना काढतो, जरा थांबा’ असं सांगितल्यासारखी उभी आहे.”

शेजारच्या टेबलावरच्या शालनताई फसकन हसल्या. शालनताई बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या चित्रातल्या माणसांचे हात शेवयांसारखे कुठूनही निघून कुठेही जात, आणि सर त्यांना “छान, छान” म्हणत. प्रेमलाबाईंना हा उघड अन्याय वाटे.

चित्रकलेचा वर्ग भरायचा स्वारगेटजवळच्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये. चातुर्मासात लग्नं नसतात, हॉल रिकामा पडतो, म्हणून मालकाने तो शनिवार-रविवार सरांना दिला होता. सर तुळजापूरकडचे, वयाने तिशीच्या आसपास, बोलायला इतके मऊ की त्यांनी केलेला अपमान घरी पोचल्यावर लक्षात यायचा. ते शिकवायचे त्याला ‘अर्धअमूर्त’ म्हणायचे. माणूस काढायचा, पण माणसाचा नकाशा काढायचा नाही; त्याच्या अंगात काय चाललंय ते काढायचं. दिवाळीनंतरच्या रविवारी सगळ्यांची चित्रं याच हॉलमध्ये मांडायची होती. विषय एकच: एक माणूस, एक हालचाल. त्यानंतर तुळशीचं लग्न, आणि मग हॉल वधूपक्षाचा.

“दिसतं त्यातलं निम्मं टाका, मॅडम,” सर म्हणाले.

“कुठलं निम्मं?”

“ते मी सांगितलं तर चित्र माझं होईल.”

कागदावरची बाई म्हणजे प्रेमलाबाईंची सून, रुपाली. मूळची वाशीमची, हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. लग्न होऊन ती बिबवेवाडीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या या घरात आली त्याला सव्वा वर्ष झालं होतं. कंपनीची बस सकाळी सात दहाला कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापाशी यायची आणि रुपाली सात नऊला घरातून निघायची. मधलं एक मिनिट ती कसं वापरते हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. आधी जिन्यात चपलांचा ताशा वाजायचा. मग फाटक आपटायचं. मग खांद्यावर पर्स, एका हातात डबा, दुसऱ्या हातात अर्धी वेणी आणि वेणीचं रबर दातांत, अशी ती कोपऱ्याच्या दिशेने सुटायची. ड्रायव्हर अर्धं मिनिट थांबायचा. त्याहून एक सेकंद जास्त नाही.

प्रेमलाबाई हे रोज गॅलरीतून पाहायच्या. दोरीवरच्या ओल्या कपड्यांआड उभं राहून. सुनेकडे टक लावून बघणं बरं दिसत नाही, म्हणून.

सुनेबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. अडचण जिभेची होती. एकतीस वर्षं मुलांची जर्नलं तपासून जिभेला एक वळण पडलं होतं. जे बरोबर आहे त्यावर काही लिहायचं नसतं. चुकतं तिथेच लाल पेन टेकवायचं. रुपालीची भाकरी उत्तम फुगली की त्या निमूटपणे खायच्या. एखादीची कड चिरली की “कड चिरली” म्हणायच्या. त्यामुळे सव्वा वर्षात रुपालीच्या कानावर फक्त चिरलेल्या कडा आल्या होत्या. एका रविवारी “आज लवकर उठलीस” असं त्यांनी खरोखर कौतुकाने म्हटलं, तर रुपाली दिवसभर अबोल होती.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी उरलेला मोदक तोंडात असताना विक्रमने, म्हणजे मुलाने, जाहीर केलं, “वाकडला एक फ्लॅट बघितलाय. भाड्याने. तिथून रुपालीला ऑफिस वीस मिनिटांवर. दिवाळीनंतर जाऊ म्हणतोय.”

“बरं,” प्रेमलाबाई म्हणाल्या आणि ताटं उचलायला लागल्या.

त्यांचे यजमान, रावसाहेब, मागोमाग स्वयंपाकघरात आले. त्यांची नोकरी पाटबंधारे खात्यातली. हयात खडकवासल्याच्या पाण्याची पातळी मोजण्यात गेलेली.

“त्यांनी जायला नकोय ना तुला?”

“मी तसं म्हटलं का?”

“नाही म्हटलंस, म्हणून तर विचारतोय.”

“ते जाऊ देत. तिचे हाल होतात बसमध्ये.”

“मी तिचं नाही, तुझं विचारलं.”

प्रेमलाबाईंनी नळ जरा मोठा सोडला. “काय सांगू तिला? राहा म्हणून? ती म्हणेल, कशाला, भाकऱ्या तपासून घ्यायला?”

“धरणसुद्धा भरलं की दरवाजे उघडतं, प्रेमला,” रावसाहेब म्हणाले आणि कुणी उत्तर द्यायच्या आत बाहेर गेले.

प्रेमलाबाईंना ते राहायला हवे होते. दोघंही, पण खरं सांगायचं तर जास्त करून रुपाली. विक्रम घरात असला काय आणि नसला काय, फरक फक्त टॉवेलांच्या संख्येत पडायचा. रुपालीमुळे मात्र घरात सकाळ व्हायची. हे वाक्य त्यांनी मनात तीन वेळा नीट मांडलं होतं. तोंडापर्यंत येईस्तोवर दर वेळी त्याचं “गिझर बंद केलास का?” होऊन जायचं.

चित्राकडे मात्र त्यांनी शास्त्राच्या माणसासारखं पाहायचं ठरवलं. ‘निम्मं टाका’ असं मोघम सांगून त्यांचं भागत नव्हतं. त्यांनी दोनशे पानी वही आणली, विक्रमचं जुनं स्टॉपवॉच शोधलं, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारपासून नोंदी सुरू केल्या.

“४ ऑक्टोबर. ७.०९. डबा उजव्या हातात. ओढणी फाटकात अडकली. ३८ सेकंद.”

“५ ऑक्टोबर. ७.०९. वेणी नाही. टाचेची चप्पल. ४३ सेकंद. धापा.”

“६ ऑक्टोबर. डबा विसरली. परत आली नाही.”

दोन आठवड्यांच्या नोंदींवरून त्यांनी एक मोठं चित्र काढलं, आणि मग एका वेळी एकच गोष्ट काढून टाकायला सुरुवात केली. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. परीक्षक म्हणून रावसाहेब होते. त्यांना काही न सांगता कागद समोर धरायचा आणि विचारायचं, “कोण?”

डबा काढला. “रुपाली,” रावसाहेब म्हणाले.

पर्स काढली. “रुपाली.”

बोटं काढली, वेणी काढली, शेवटी भीतभीत चेहराच काढला. “रुपाली,” रावसाहेब म्हणाले. “वजा बरंच काही. चहाचं काय झालं?”

मग एके दिवशी प्रेमलाबाईंचं लक्ष डाव्या खांद्याकडे गेलं. तो जरासा मागे वळलेला होता. पळणाऱ्या शरीराच्या दृष्टीने ही सरळसरळ चूक. वेग कमी होतो. त्यांनी खांदा पुसून समोर वळवला.

“कोण?”

रावसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “कोण आहे? कुणीतरी बाई पळतेय.”

त्यांनी खांदा पुन्हा मागे वळवला.

“हां. आली परत.”

पुढचे तीन दिवस प्रेमलाबाईंनी गॅलरीतून बाकी काही न बघता फक्त खांदा बघितला. औषधांच्या दुकानाच्या अलीकडे, जिथे एकेक सेकंद मोलाचा, तिथेच रुपाली एका पावलापुरती मंदावायची. डावा खांदा वळायचा, हनुवटी वर उचलली जायची, नजर तिसऱ्या मजल्याकडे यायची. मग ती पुन्हा सुटायची. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी. चुकून नव्हे.

कुणाकडे बघते? विक्रम आठपर्यंत झोपलेला असतो. रावसाहेब साडेसातपर्यंत बागेत फिरत असतात. घरात तिसरं माणूस एकच उरतं. प्रेमलाबाई ओल्या चादरीआड बराच वेळ उभ्या राहिल्या. वहीत त्या दिवशीचे सेकंद लिहायचे राहून गेले.

पुढच्या शनिवार-रविवारी त्यांनी चित्र पूर्ण केलं. मनगटातून नाही, सर म्हणायचे तसं खांद्यातून, चार बोटं रुंद ब्रशने. मातकट कागदावर टाचेपासून मानेपर्यंत गडद निळा तिरका फटकारा. त्यामागे ओढणीचा हळदी रंग, कोरड्या ब्रशने ओढलेला, कडेला विरत गेलेला. डोकं नाही, डोक्याच्या जागी थोडा उजेड. आणि सगळं शरीर पुढे झेपावत असताना खांद्यापाशी एकच उलटा झोक, जणू तेवढीच जागा निघायला तयार नाही.

उत्तरेश्वर सर आले, उभे राहिले, आणि काहीच न बोलता पुढच्या टेबलाकडे गेले. जन्मभर जर्नलं तपासलेल्या बाईंना त्याचा अर्थ लगेच कळला.

घरी मात्र दिवाळीच्या साफसफाईत दोनशे पानी वही रुपालीच्या हाती लागली.

“आई, हे काय आहे?”

“निरीक्षणं.”

“माझी?”

“हो.”

“‘वेणी नाही. धापा.’ ‘डबा विसरली. परत आली नाही.’” रुपाली मोठ्याने वाचायला लागली. ऑफिसात घडवलेली तिची पुणेरी मराठी राग आला की वाशीमची गाडी पकडायची. “महिनाभर लिहून ठेवून राहिल्या तुम्ही? काऊन? कोणाले दाखवणार होत्या?”

“अगं, त्यात रागावण्यासारखं काय आहे? बेडकांचंही मी असंच लिहायचे.”

शेजारच्या खोलीत रावसाहेबांनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं आणि तसंच धरून ठेवलं.

“बेडकांचं,” रुपाली म्हणाली.

“म्हणजे काळजीपूर्वक. त्यावरून मी चित्र—”

“आणि बेडूक शेवटी कापता नं तुम्ही?”

यावर प्रेमलाबाईंना शास्त्रीयदृष्ट्या अचूक उत्तर माहीत होतं. नशिबाने त्या वेळी तरी त्यांनी ते दिलं नाही.

रुपालीने वही कपाटावर ठेवली, अगदी कोपऱ्याला कोपरा जुळवून. “दिवाळी झाली की आम्ही जातो, आई. विक्रम एकवीस तारखेला किल्ली घेणार आहे.”

एकवीस तारीख म्हणजे प्रदर्शनाचाच रविवार.

“तिला चित्र दाखव,” रावसाहेब म्हणाले.

“मी बोलावलं तर तिला वाटेल, चार लोकांत उभी करून माप काढायचंय.”

“मग मी आणतो. माझ्या बोलण्याचा कुणी राग मानत नाही. कुणी ऐकतच नाही ना.”

रविवारी सकाळी विक्रम मोटारसायकल काढून वाकडला गेला आणि रावसाहेब रुपालीला रिक्षात घालून स्वारगेटला घेऊन आले. ती आली होती, पण पर्स खांद्यावरून उतरवायचीही नाही अशा तयारीने. मंगल कार्यालयाच्या स्टेजवर वधूवरांच्या दोन लाल मखमली खुर्च्या होत्या, आणि त्यांच्या भोवतीने स्टँडवर चित्रं लावली होती. प्रेमलाबाई आपल्या चित्रापासून दहा पावलांवर, दुसऱ्याच कुणाच्या तरी चित्राकडे बघत उभ्या राहिल्या. खाली नाव लिहायला त्यांनी नकार दिला होता.

चित्रापाशी एक गृहस्थ आधीपासूनच उभे होते. फेटा, पांढराशुभ्र सदरा, हातात मोबाइल. हे रंगराव, धायरीचे. मुलीच्या लग्नासाठी हॉल बघायला आले होते आणि मॅनेजर येईपर्यंत चित्रांत सापडले होते.

“ह्ये कोन हाय?” त्यांनी सरांना विचारलं. “डोकं न्हाई व्हय हिला?”

“डोकं तुम्ही घालायचं,” सर मऊपणे म्हणाले.

रंगरावांनी मान तिरकी केली. दोन पावलं मागे गेले, एक पुढे आले. त्यांच्या घरात निवडणुकीपासून वाढदिवसापर्यंत सगळं फ्लेक्सवर छापलेलं, प्रत्येकाचा चेहरा ताटाएवढा. बिनचेहऱ्याचं माणूस ते पहिल्यांदाच बघत असावेत. पण नजर हटत नव्हती.

“पळतीया खरी,” ते म्हणाले, “पर जीव मागं राह्यलाय हिचा.” मग आवाज जरा खाली गेला. “लेक सासरी निघाल्यावानी दिसतीया बगा. गाडीत बसायच्या टायमाला अशीच वळती. माजी थोरली वळली हुती.”

रुपाली तोवर त्यांच्या मागे येऊन उभी राहिली होती. ती चित्राकडे बघत होती. मग अभावितपणे तिचा स्वतःचा डावा खांदा किंचित हलला.

“सासरी नाही हो काका,” ती म्हणाली. “बसला चाललीये.”

“आँ? तुमाला काय ठावं?”

“मीच आहे ती.”

रंगरावांनी तिच्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. “हाय खरं,” ते म्हणाले आणि समाधानाने मॅनेजरला शोधायला गेले.

प्रेमलाबाई दहा पावलांचं अंतर चालून आल्या.

“तुम्हाले दिसत होतं?” रुपालीने विचारलं. “मी वर पाहते ते?”

“तिसऱ्या मजल्यावरून कोपरा स्वच्छ दिसतो. रोज एक पाऊल वाया जातं तुझं त्यात.” मग त्यांनी ओठ मिटले, आणि पुन्हा उघडले. “वाया नाही. वाया हा शब्द चुकला.”

“आणि तुम्ही कपड्यांच्या मागे उभ्या असता. चादरीखालून पाय दिसतात तुमचे.”

निरीक्षण करणाऱ्याने स्वतः दिसू नये, हे प्रेमलाबाईंनी कितीएक बॅचना शिकवलं होतं. पायांचा विचार कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हता.

“वाशीमला आई दारात उभी राहते, ऑटो वळेपर्यंत,” रुपाली म्हणाली. “इथे कोणी दारात येत नाही. मग एक दिवस पाय दिसले. म्हटलं, चला, पाय तर आहेत.”

“मग वहीचा एवढा राग का आला?”

“पाय बघून मला वाटलं होतं, काळजी आहे. वही बघून वाटलं, हजेरी आहे.”

रावसाहेब मखमली खुर्चीवर बसले होते, वराच्या. त्यांनी घसा खाकरला.

“वाकडला पाणी टँकरने येतं म्हणतात,” प्रेमलाबाई म्हणाल्या.

“प्रेमला,” रावसाहेब म्हणाले.

“आणि तिकडे बांधकामाची धूळ—”

“प्रेमला.”

“जाऊ नका,” प्रेमलाबाई म्हणाल्या.

हॉलमध्ये शालनताई कुणाला तरी आपल्या शेवयांसारख्या हातांचा अर्थ समजावून सांगत होत्या. रुपालीने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला.

“रोज तीन तास बसमध्ये जातात माझे, आई.”

“माहीत आहे. वर्षाचे सातशे होतात. तरी म्हणते.”

“सातशे?”

“सुट्ट्या वगळून.”

रुपालीने हसू आवरायचा प्रयत्न केला, जमला नाही. “मार्चपर्यंत राहते,” ती म्हणाली. “मग बघू. आणि एक अट आहे. काही आवडलं तर तोंडाने सांगायचं. दर वेळी चित्र काढत बसाल तर घरात भिंती पुरायच्या नाहीत.”

“प्रयत्न करते.”

“आत्ता करा.”

प्रेमलाबाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. भांग वाकडा होता. ओढणीचं एक टोक जमिनीला लागत होतं. कुर्त्याचं एक बटण उघडं होतं. सवयीने हे सगळं आधी दिसलं. ते त्यांनी एकेक करून बाजूला ठेवलं.

“तू आलीस,” त्या म्हणाल्या, “मला बरं वाटलं.”

रुपाली ‘पण’ची वाट बघत थांबली. ‘पण’ आला नाही. तेव्हा तिने पर्स उतरवून वधूच्या खुर्चीवर ठेवली, मोबाइल काढला आणि विक्रमला फोन लावला.

“किल्ली घेतली का? ... नाही ना? मग घेऊ नको. ... अरे, आई म्हणाल्या, जाऊ नका.”

पलीकडून वाकडच्या रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज तेवढा येत राहिला. मग विक्रमचा प्रश्न तिघांनाही ऐकू आला.

“कोणाची आई?”

रुपालीने फोन पुढे केला.

“तुझीच,” प्रेमलाबाई म्हणाल्या. “आणि येताना हेल्मेट घाल.”